मुकादमाला हवा असलेला कागद

रुग्णालयाच्या धुलाईखात्याचा मुकादम खटल्यातून सुटला, तेव्हा त्याला वाटलं, सुटलो म्हणजे सुटलो. पण निकालपत्राच्या शेवटच्या पानावर न्यायाधीशांनी तीन शब्द लिहून ठेवले होते आणि त्यांच्यापायी त्याला अन्न गोड लागेना. आरोपीची निर्दोष मुक्तता झाली होती, पण ‘संशयाचा फायदा देऊन’.

खात्यातल्या टवाळांना तेवढंच हवं होतं. आठवडाभरात त्याचं नाव ‘फायदेसाहेब’ पडलं. घरी मेहुणा जेवायला आला, तो ताटावर बसल्या बसल्या म्हणाला, “दाजी, मुक्तता पण आणि वर फायदा पण? आम्हाला कुठे मिळतं हो असं?” बायको हसली नाही. “सुटलात ना,” ती म्हणाली, “मग तोंड मिटून कामावर जा.” तिला आपला माणूस ठाऊक होता.

खरं काय घडलं ते सांगायला कोर्ट लागत नाही. धुतलेल्या चादरी पिळायचं एक यंत्र होतं. त्याचा ड्रम गरगर फिरायचा आणि पूर्ण थांबेपर्यंत वरचं झाकण उघडायचं नाही, असा त्याला खटका होता. थांबायला चार मिनिटं लागत. मुकादमाला ती चार मिनिटं डोळ्यात खुपत. त्याने खटका दाबून ठेवायला सुतळी बांधली. मग झाकण केव्हाही उघडायचं, ड्रम मंदावला की चादरी ओढायच्या, पुढचा घाणा टाकायचा. काम भराभर उरकू लागलं आणि वरच्या साहेबांनी त्याची पाठ थोपटली. यंत्रावरची बाई दोनदा म्हणाली, “मुकादम, भीती वाटते हो.” तो म्हणाला, “भीती वाटते तर घरी बस.” तिच्या घरी शाळेत जाणारी मुलगी आणि अंथरुणाला खिळलेली सासू होती. घरी बसणं तिला परवडणारं नव्हतं.

एके दिवशी ओल्या चादरीचा पीळ तिच्या मनगटाभोवती बसला आणि ड्रमने उजवा हात कोपरापासून नेला. सगळे तिला उचलून वर पळाले. मुकादम मागे राहिला. त्याने ब्लेडने सुतळी कापली, बॉयलरच्या भट्टीत टाकली आणि मग तोही वर पळाला, सगळ्यांपेक्षा मोठ्याने ओरडत.

दुसऱ्या दिवशी पंचनामा झाला, तेव्हा खटका ठणठणीत चालत होता. बरोबरच्या दोघी कोर्टात म्हणाल्या, आम्ही पाठमोऱ्या होतो. त्यांनाही त्याच मुकादमाच्या हाताखाली दिवस काढायचे होते. राहिली ती एकटी. मुकादमाच्या वकिलाने विचारलं, “हात गेला त्या क्षणी तुमचं लक्ष कुठे होतं? ड्रमकडे की खटक्याकडे?”

“ड्रमकडे.”

“म्हणजे त्या क्षणी सुतळी तुम्ही पाहिली नाही.”

“रोजच असायची, साहेब.”

“रोजचं विचारत नाही. त्या क्षणाचं विचारतो.”

ती गप्प झाली. त्या गप्प बसण्यावर मुकादम सुटला. न्यायाधीशांचा यात दोष नाही. समोर आलेल्या पुराव्यावर त्यांना निकाल द्यायचा होता आणि पुराव्याची तर राख झालेली होती.

आणि गंमत बघा, मुकादम खरोखरच दुखावला होता. दोन वर्षं आरोपी म्हणून उभं राहिलेला माणूस तो. तारखांना खेटे घालताना आपल्यावर अन्याय होतोय असं तो इतक्यांदा बोलला होता की ते त्याच्या हाडीमाशी खिळलं. आता त्याला नुसती सुटका नको होती. संशयसुद्धा पुसला जायला हवा होता आणि तो पुसू शकणारं माणूस जगात एकच होतं.

ते माणूस आपल्या पायांनी चालत आलं. चादरींवर खुणेचे शिक्के मारायची जागा रिकामी होती, ते काम एका हाताने होण्यासारखं होतं. हेडक्लार्क तिला म्हणाला, “माझी ना नाही. पण ज्याच्यावर खटला केलास, त्याच्याच हाताखाली काम आहे. त्याची हरकत नाही असं त्याच्याकडून लिहून आण.”

मुकादमाने तिला बसायला खुर्ची दिली, पाणीही दिलं. मग कोरा कागद पुढे सरकवला. “लिही. मी सांगतो.”

डाव्या हाताने लिहायला ती नुकतीच शिकली होती. कागद सरकत होता, तर त्याने तो बोटाने दाबून धरला. खटक्याला सुतळी बांधलेली नव्हती. मी मुकादमांवर खोटा आळ घेतला. अपघात माझ्याच हलगर्जीपणामुळे झाला. शेवटच्या ओळीला तिचं पेन थांबलं.

“हे कशाला? पहिलं पुरे की.”

“पुरं करायचं तर पुरं कर. नाहीतर राहू दे. जागेला माणसं पुष्कळ आहेत.”

तिने पुरं केलं आणि खाली सही केली. हेडक्लार्कने कागद पाहिला आणि नाक मुरडलं. ही सही जुन्या दप्तरातल्या सहीशी जुळत नव्हती, उद्या कोणी म्हणेल कागद खोटा. मुकादम पुढे झाला आणि त्याने खाली लिहून दिलं की माझी हरकत नाही, सही माझ्यासमक्ष केली, बाईला मी ओळखतो. त्याच्या शब्दावर कागद खरा ठरला. त्याची एक प्रत त्याने शिक्का मारून घेतली आणि खिशात ठेवली.

खाली उतरताना जिन्यात दोघंच होती. ती थांबली.

“मुकादम, आता मी कुठे जायची नाही तक्रार घेऊन. तोंडच नाही राहिलं मला. फक्त एकदा म्हणा, सुतळी होती. मुलगी विचारते, आई, तू कोर्टात खोटं बोललीस का. तिला नाही सांगत. पण मला तरी कळू दे, मला भ्रम झाला नव्हता.”

क्षणभर त्याच्या ओठांवर ‘हो’ आलं होतं. ते म्हणायला काही लागत नव्हतं, ऐकणारं तिसरं कोणी नव्हतं. पण खिशातला कागद त्याच्या बोटांना लागला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याला हलकं हलकं वाटलं.

“होती कशी?” तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, समजूत घातल्यासारखं होतं. “नव्हती असं तूच लिहून दिलंस ना आत्ता?”

ती जिना उतरू लागली.

“उद्या आठला ये,” तो म्हणाला. “उशीर चालायचा नाही.”

“बरं,” ती म्हणाली.