डाव्या दाराच्या मावशी

मावशींनी एकसष्टाव्या वर्षी लग्न ठरवलं आणि मला ते भांडी विसळता विसळता सांगितलं. माझ्या हातून बशी निसटली.

"फुटली?"

"नाही."

"मग पुढचं ऐक. तो उजव्या दाराचा आहे."

मी त्यांच्या माडीवर भाड्याने राहते. खाली मावशी आणि त्यांची धाकटी बहीण, दोघीच. मावशी चाळीस वर्षं कोपऱ्यावरचं चर्च झाडतात. बाक पुसतात, ओघळलेलं मेण सुरीने खरवडतात. "देवापुढे माझ्याइतकं कुणी वाकलं नसेल," म्हणतात. खरंच आहे ते.

चर्चला समोरून दोन दारं आहेत. शेजारी शेजारी, अगदी सारखी. ज्यांनी ते बांधलं ते दुष्काळात गाव सोडून एकाच बोटीने इथे आले होते. गावही एकच. पण टेकडीवरचे ते वरचे आणि नदीकाठचे ते खालचे. दोघांत विस्तव जात नव्हता. तरी परमुलखात त्यांना चर्च एकच झेपलं. अकरा वर्षं रविवारी दगड वाहून त्यांनी ते उभं केलं. तेव्हापासून खालचे डाव्या दाराने येतात, डाव्या बाकांवर बसतात. वरचे उजवीकडे. लग्न लागलं की बाई नवऱ्याच्या दाराने बाहेर पडते. पुढच्या रविवारपासून बसायचं ते नवऱ्याच्या बाजूला.

मावशी खालच्या. नवरदेव वरचे. मनोऱ्यातल्या घड्याळाला किल्ली देतात, विधुर, वय सदुसष्ट. तीस वर्षं ते धुळीचे पाय घेऊन जिना उतरायचे आणि मावशी खालून ओरडायच्या.

"तेवढ्यावर जमलं," मावशी म्हणाल्या.

धाकटीला मात्र जमेना. लहानपणापासून दोघी डावीकडच्या तिसऱ्या बाकावर, खांबाआड, मांडीला मांडी लावून बसायच्या.

"जा पलीकडे," ती म्हणाली. "मी तुझ्याकडे बघणारसुद्धा नाही."

तीन दिवस ती ताईशी बोलली नाही. चौथ्या दिवशी मावशी घड्याळवाल्यांना नकार द्यायला निघाल्या. चपला घालता घालता थांबल्या, माझ्याकडे वळल्या.

"तू पुस्तकं वाचून पदवी घेतलीस ना? मग आणखी एक वाच."

फादरांच्या कपाटात बांधकामाची जुनी वही होती. हा नियम कुठे लिहिलाय ते बघायचं होतं. मी दोन दिवस वाचली. नियम कुठेच नव्हता. नवव्या वर्षाची एक नोंद होती. सुताराला मोठं दार एक सांगितलं होतं, त्याने लहान दोन धाडली. गाडीवाला परत न्यायला तयार नाही. भिंत अजून अपुरी आहे, तेव्हा दोन्ही बसवावीत.

मी तीनदा वाचलं. मग मावशींना वाचून दाखवलं. त्यांनी मला ओळीवर बोट ठेवायला लावलं. मग बाकावर बसल्या. मग बाकावरच आडव्या. हसून हसून मुरकुंडी वळली.

"सुतार," त्या म्हणत होत्या. "सुतार गं."

झटका आला असं वाटून फादर धावत आले.

धाकटी हसली नाही.

"म्हणजे इतकी वर्षं आपण सुताराची चूक पाळली? मी नाही मानत. वहीत कुणीही काहीही लिहील."

तरी लग्न ठरलेल्या दिवशी झालं. धाकटी आली. तिसऱ्या बाकावर बसली. मान ताठ.

लग्न लागलं. ऑर्गन सुरू झाला. उजव्या दाराबाहेर वरचे फुलं घेऊन उभे. आणि मावशी डाव्या दाराकडे वळल्या. मुद्दाम नव्हे. जन्मभर पाय त्याच दाराने बाहेर पडलेले. घड्याळवाल्यांचा दंड धरलेला होता, तेही ओढले गेले. उंबऱ्याबाहेर त्यांनी इकडेतिकडे पाहिलं.

"एवढंच होय? मला वाटलं, इकडे काहीतरी असेल."

"अगं बाई," मावशी म्हणाल्या. "चुकलंच."

नीट बाहेर पडता यावं म्हणून त्या उजव्या दाराने नवऱ्याला घेऊन परत आत शिरल्या. पण फुलंवाले त्यांच्यामागून आत आले. दोघांचं अभिनंदन करायला डावीकडून बाहेर पडलेले खालचेही वळसा घालून उजवीकडूनच आत. मागे फिरायला वाट उरली नाही. गर्दीने जोडप्याला पुन्हा डाव्या दाराबाहेर लोटलं. मग पुन्हा उजवीकडून आत. फादर "सावकाश, सावकाश" म्हणत खाली उतरले आणि रांगेत सापडले. ऑर्गनवाल्याला थांबायला कुणी सांगेना. तो चाल वाढवत गेला. तिसऱ्या फेरीला वरचा कोण, खालचा कोण, मला ओळखू येईना. एक आजोबा काठी उंचावून म्हणाले, "आणखी एक होऊ द्या."

मावशी धापा टाकत उजवीकडच्या पहिल्या रिकाम्या बाकावर बसल्या. नवरा गर्दीत हरवलेला. त्यांनी पलीकडे पाहिलं. डाव्या बाकांवर एकटी धाकटी उरली होती. अंतर दहा पावलांचं.

धाकटी उठली. मधून आली नाही. डाव्या दाराने बाहेर गेली. मी उजव्या दाराकडे बघत राहिले. बराच वेळ कुणी आलं नाही. मग ती आली, पदर सारखा करत, पाहुण्याच्या घरी यावं तशी.

"सरक, ताई."

मावशी सरकल्या. धाकटी बसली. वेदीकडे बघत राहिली.

"इथून खांब आड येत नाही," ती म्हणाली. "आणि मेल्यांनी इतक्या वर्षांत एकदा सांगितलं नाही."