डोळे काढलेलं बंदर

मला मुंबईच्या कलाशाळेत धाडायचं पेणच्या आमच्या ड्रॉइंगच्या सरांनी मनावर घेतलं होतं. शिफारसपत्र देण्याआधी त्यांनी अभ्यासाला एका परदेशी चित्राची जपून ठेवलेली छापील प्रत दिली. उन्हात न्हालेलं बंदराचं गाव, सगळं नुसत्या रंगांच्या फटकाऱ्यांनी रंगवलेलं. धक्क्यावरच्या माणसांना डोळेच नव्हते! हमरापूरच्या आमच्या कारखान्यातून डोळ्यांच्या आखणीशिवाय गणपती बाहेर पडत नाही. मी बारीक ब्रश घेऊन सरांच्या त्या प्रतीवरच एकूण एक माणसाला डोळे काढले.

वडील म्हणाले, "व्हय, आता झालं पुरं!"

सर म्हणाले, "गाढवा, सगळं ऊन घालवलंस की रे!"

पत्र मिळालं नाही. सर अजूनही दरवर्षी गणपती माझ्याकडूनच नेतात. "डोळे काढावेत तर तूच," म्हणतात. मी हसतो. दुसरं येतंय काय मला?