बिनमालकाचं गाव

महबूबभाईंचं डोकं मला कधी कळलंच न्हाय. सोलापुरात आमच्या टॉवेलच्या कारखान्यात ते माग दुरुस्त करायचे, मी काठ शिवायची. शेठनं त्यांना मुकादम व्हा म्हणून लई गळ घातली. "मुकादम आला की माणसं बोलायची थांबतात. मला बोलणं पायजे," म्हणाले आन् परत मागाखाली शिरले.

त्यांनीच जेवणाच्या सुट्टीत आमाला मोबाईलवरचा गेम शिकवला. सगळ्यांनी मिळून गाव वसवायचं, पिकवायचं, तटबंदी बांधायची. पण गावाला एक लीडर लागायचाच. लीडर कुणालाबी हाकलू शकतो, पार गाव मोडू शकतो. भाई म्हणाले, "गेमला राजा पायजे ना? मग राजा रोज बदलू." पाटाच्या पाण्यासारखी पाळी लावली. रोज जेवणाच्या सुट्टीत लीडरकी पुढच्याच्या हाती. कोठारं सगळ्यांना उघडी. काय करायचं ते मतं घेऊन, आन् ज्याच्याकडं लीडरकी त्याला त्या दिवशी मत न्हाय. कारखान्यात आमचं कोण ऐकतंय? तितं ऐकायचे. मला त्या गावाचा लई अभिमान होता.

मग पॅकिंगमधल्या पृथ्वीराजनं शेजारचं गाव लुटायचं काढलं. आमी न्हाय म्हणालो. तो तणतणला, "माझी पाळी येऊ द्या, एकेकाला हाकलतो!"

त्याची पाळी नेमकी भाईंच्या नंतरची. आमी भाईंना घेरलं. "देऊ नका! माकडाच्या हाती कोलीत व्हईल!" सगळ्यांत मोठ्यानं मीच वरडत होते. भाईंचा चेहरा उतरला, पण त्यांनी लीडरकी ठेवून घेतली. आमी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी माझी पाळी. मी म्हणाले, "भाई, तुमच्याकडंच राहू द्या की." मग माझ्या शेजारी शिवणारी लालबी तेच म्हणाली. मागावरचा ईरप्पाबी. हळूहळू माणसं विचारायला लागली, "भाई, विहीर कुटं खोदू? भाई, धान्य घेऊ का?" रोज येऊन पाळी मागणारा एकटा पृथ्वीराज. भाई डबा सोडून नुसते मोबाईलकडं बगत बसायचे.

एका दुपारी त्यांनी सगळ्यांदेखत लीडरकी पृथ्वीराजला देऊन टाकली. मी वरडले, "अवो, येड लागलं का तुमाला?"

"तो हक्क मागतोय, वैजूताई. तुमी परवानगी मागताय."

पृथ्वीराजनं गाव मोडलं न्हाय. हाकललं एकालाच, महबूबभाईंना. "पाळी अडवली, आता भोगा," म्हणाला. दुसऱ्या दिवशी लीडरकी मात्र नियमानं पुढं दिली. ती आली माझ्याकडं.

मी गेममधनंच भाईंना परत बोलावणं धाडलं. त्यांनी ते घेतलं न्हाय. "एकाच्या मर्जीनं गेलो, आता एकीच्या मर्जीनं येऊ? गावाला विचारा."

विचारलं. भाई भिंतीला टेकून बसलेले. लालबी म्हणाली, "ताई, तुमी म्हणाल तसं." ईरप्पा म्हणाला, "लीडर तुमी, तुमीच ठरवा की." बाकीच्यांनी माना हलवल्या. "अरे, दातखीळ बसली का तुमची? मला आज मत न्हाय! व्हय म्हणा, न्हाय म्हणा, कायतरी म्हणा!" संतापानं मला रडूच फुटलं.

पृथ्वीराजनं हात वर केला. "मी न्हाय म्हणतो. घेऊ नका त्यांना."

दुसरा एकबी हात वर झाला न्हाय. भाई उठले, डब्याचं झाकण लावलं.

"मोजा की, ताई," म्हणाले.