जोडीनं मिळणारी नोकरी

परदेशातल्या शाळांच्या भरती मेळ्याला जायचं आमच्या घरात ठरलं तेव्हा मी भिलाईत अकरावी-बारावीला गणित शिकवत होते. नवरा भिलाईतल्याच दुसऱ्या एका शाळेत रसायनशास्त्र शिकवायचा. दोघांचेही वडील पोलादाच्या प्लांटमध्ये होते, दोघांचंही लहानपण प्लांटच्या सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये गेलं. लग्नानंतर आम्ही भिलाईतच रिसालीत राहायला आलो. मूल झालं नाही. मग एकदा त्यानंच विषय काढला की बाहेर जाऊन बघू, आपल्याला अडवायला आहे कोण.

हे मेळे मोठ्या हॉटेलात भरतात. देशोदेशीच्या इंटरनॅशनल शाळांचे मुख्याध्यापक टेबलं मांडून बसतात आणि शिक्षकांनी टेबलाटेबलाला जाऊन मुलाखतीची वेळ मागायची असते. त्याआधी मेळ्याच्या साइटवर नाव नोंदवावं लागतं. ते काम नवऱ्यानं केलं, आणि दोघांचं मिळून एकच खातं काढलं.

"शाळांना जोडपी पाहिजे असतात," तो म्हणाला. "दोघांले एकच घर द्यावं लागते, अन् माणूस टिकते."

हे खरंच होतं. मला ते बरंही वाटलं. जोडपं म्हणून आपली काही किंमत आहे असं तोवर कोणी सांगितलं नव्हतं.

भरतीच्या त्या हंगामात आमच्यासमोर दिल्लीचा एक लहान मेळा होता, बँकॉकचा मोठा होता आणि एक घरबसल्या, ऑनलाइन. मी शाळा सुटल्यावर चार-पाच दिवस बसून कुठे कोणत्या शाळा येणार ते पाहिलं. बँकॉकला येणाऱ्या निम्म्या शाळांना गणिताचे शिक्षक हवे होते. दिल्लीत मोजक्याच शाळा होत्या, बहुतेक आखातातल्या. मी म्हटलं, बँकॉकला जाऊ.

"तिथं केमिस्ट्रीच्या जागाच नाहीत," तो म्हणाला.

"गणिताच्या आहेत ना."

"तुझं काय, मॅथ्स कुठंही चालते. दिल्लीलेच जाऊ."

आणि त्यानं दिल्लीवर बोट दाबलं. मी चहाचे कप उचलून आत गेले. माझा विषय कुठेही चालतो, म्हणून मी त्याच्या विषयामागे जायचं, हा हिशेब मी वर्गात कोणा पोराला करू दिला नसता.

दिल्लीच्या हॉटेलातल्या हॉलमध्ये लोक लग्नाला आल्यासारखे कोट घालून फिरत होते. बऱ्याच टेबलांवर आमचे कागद हसून परत मिळाले. पूर्व आफ्रिकेतल्या एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी मात्र आम्हाला शेजारी शेजारी बसवून तासभर प्रश्न विचारले. मला म्हणाले, "ऋण गुणिले ऋण धन का, असं एखाद्या मुलीनं विचारलं तर तुम्ही काय सांगाल?" मी पाण्याच्या टाकीचं उदाहरण दिलं. टाकी गळते आहे, म्हणजे दर मिनिटाला पाणी उणे होतंय. आता घड्याळ मागे न्या. मिनिटंही उणे झाली. दहा मिनिटांपूर्वी टाकीत पाणी जास्त होतं की कमी? ते पुढे झुकून ऐकत होते. मग म्हणाले, हे मला शाळेत कोणी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा बोलावलं. बसल्यावर ते नवऱ्याकडे वळले.

"आम्हाला तुमच्या पत्नी हव्या आहेत," ते त्याला म्हणाले. "रसायनशास्त्राची जागा यंदा नाही. तुम्ही त्यांच्या व्हिसावर, अवलंबित म्हणून येऊ शकाल. पुढच्या वर्षी काही निघालं तर पाहू. तुमची हरकत नाही ना?"

नवरा हसला. "सॉरी सर," तो म्हणाला. "आम्ही टीम आहोत. दोघं, नाहीतर कोणीच नाही."

"मी समजू शकतो," मुख्याध्यापक म्हणाले. दोघं उठले, दोघांनी हात मिळवले. मी बोलायला तोंड उघडलं तोवर ते पुढच्या उमेदवाराला हाक मारत होते. मुलाखत मी दिली होती. नोकरी मला देऊ केली होती. ती मला देऊ का हे नवऱ्याला विचारलं गेलं, आणि नको हेही त्यानंच सांगितलं. मुख्याध्यापकांनी माझ्याकडे एकदा मान वळवून पाहिलंसुद्धा नाही.

परतीच्या गाडीत गोंदिया मागे पडल्यावर तोच म्हणाला, "मी तिथं काय करणार होतो? भाजी आणणार होतो?"

"लग्न झाल्यावर मले नोकरी नव्हती, तवा मी काय आणत होती?" मी म्हटलं.



माझे आईबाबा आमच्यापासून जवळच राहतात. त्या रविवारी मी त्यांना सगळं सांगितलं. बाबा म्हणाले, "जावयानं बरोबर केलं. माणूस बायकोच्या व्हिसावर जाईन का?"

आई मटार सोलत होती. ती बाबांपुढे कधी आवाज चढवत नाही, तेव्हाही चढवला नाही. म्हणाली, "तुमी भंडाऱ्याहून इथं नोकरीले आले, तवा मले कोणी इचारलं होतं का? क्वार्टर भेटेपरेंत मले सासूपाशी ठेवलं. मी म्हटलं का, मलेबी घ्या, नाहीतर तुमीबी जाऊ नका?"

"ते दिवस वेगळे होते," बाबा म्हणाले.

"हो. तुमच्यासाठी." मग ती माझ्याकडे वळली. "अन् तू कावून गप्प बसली? तुले इतकं शिकवलं ते त्याच्या बाजूले बसाले काय?"

मला बाबांचा राग आलाच होता, त्या क्षणी आईचा त्याहून जास्त आला, कारण ती खरं बोलत होती. मी चप्पल घालून निघाले. घरी येईपर्यंत माझं ठरलं होतं.

पुढच्या हंगामात मी स्वतःचं खातं काढलं. जोडीदारही नोकरी शोधतो आहे का, या प्रश्नापुढे 'नाही' लिहिलं आणि बँकॉक निवडलं. नवऱ्याला त्याच संध्याकाळी सांगितलं.

"मग मी कोण?" त्यानं विचारलं.

"नवरा. तुम्हाला दिल्लीला जायचं असेल तर जा. मी जागा कुठे आहेत ते पाहून निवडलं."

"लोक काय म्हणतीन?"

"लोकांनी मुलाखत द्यावी मग."

मी रजेचा अर्ज घेऊन आमच्या प्राचार्यांकडे गेले. बोर्डाचे दिवस जवळ होते, तेव्हा नाही म्हणतील अशी तयारी ठेवली होती. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "मैडम, सर की परमिशन है ना?"

या बाईंबरोबर मी कित्येक वर्षं काम केलं होतं. त्या स्वतः विधवा होत्या, एकटीनं दोन मुलं वाढवलेल्या. मी म्हटलं, "छुट्टी आपसे माँग रही हूँ." त्यांनी सही केली, पण कागद माझ्या हातात दिला नाही, टेबलावर सरकवला.

बँकॉकलाही कोणी हार घेऊन उभं नव्हतं. एका शाळेचा माणूस माझं सगळं ऐकून गोड आवाजात म्हणाला की आमच्या पालकांना इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे असे शिक्षक लागतात. मी म्हटलं, मी गणित शिकवते. तो आणखी गोड हसला. दुसऱ्या टेबलावर माझा भारतीय पासपोर्ट पाहिल्याबरोबर त्यांच्या जागा भरल्या. त्या दुपारी मी हॉटेलच्या जिन्यावर बसून पराठ्याचा डबा उघडला आणि रागानं तसाच बंद केला. पण तो राग माझ्या एकटीचा होता. शेजारी बसून माझ्या वतीनं नाही म्हणणारं कोणी नव्हतं. उठले आणि पुढच्या टेबलाकडे गेले.

व्हिएतनाममधल्या एका शाळेच्या मुख्याध्यापिकेनं मुलाखतीच्या शेवटी विचारलं, "तुमचे पती?"

"ते भिलाईत आहेत. त्यांना नोकरी आहे."

"आणि तुम्ही कधी येऊ शकाल?"

इतका साधा प्रश्न मला पहिल्यांदाच कोणी विचारला होता. मी तारीख सांगितली.

आता तिथे माझं तिसरं वर्ष चालू आहे. नवरा दिवाळीच्या सुट्टीत येतो, मी उन्हाळ्यात रिसालीला येते. संसार मोडला नाही. तो तिथे आला की बाजारातून भाजी आणतो, चांगली निवडून आणतो.

यंदा सुट्टीत भिलाईजवळच्या चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत एका नातेवाइकाकडे लग्न होतं, आईबाबाही आले होते. जेवणाच्या रांगेत नवऱ्याचे एक काका चारचौघांना सांगत होते, "आमच्या पोराचं मन मोठं हाय. बायकोले एकटीले परदेशात पाठवलं. कोण पाठवते आजकाल?" लोक माना हलवत होते. नवरा ताट घेऊन तिथेच उभा होता आणि ओठ मिटून हसत होता. मी वाट पाहिली. त्यानं एक शब्द बोलावा म्हणून खरंच वाट पाहिली.

मग मी म्हटलं, "काकाजी, मले कोणी पाठवलं नाही. मी गेली."

काकांना वाटलं मी थट्टा करते आहे. नवऱ्याला कळलं. त्यानं ताटात भात वाढून घेतला आणि पुरुष बसले होते तिकडे निघून गेला. मी माझं ताट घेऊन आईशेजारी जाऊन बसले. तिनं सगळं ऐकलं होतं. "या वेळी बोलली," ती म्हणाली आणि जेवू लागली.