वरून टाकलेलं पाणी

"बाटलीले हात नको लावू. पाणी ही पोरगी टाकन वरून."

मॅडम असं म्हणाल्या तेव्हा माझ्या हातात काच होती. काचेवर रंगवलेले जंतू. सौसरच्या कॉलेजातली लॅब. जांभळ्या रंगानं साऱ्याच पोरींचे हात माखले होते. पण बाटली खराब होत होती ती एकट्या माझ्या हातानं.

मले भेव वाटलं. प्रॅक्टिकलचे मार्क मॅडमच्या हातात. बाबा मोहगावकडं संत्रा तोडायले जातात, पोरगी लॅबमध्ये लागन म्हणून साऱ्या वस्तीले सांगून राहिले होते. काच धरून दोन्ही हात पुढं केले. बाजूची बगिचावाल्याची पोरगी उंचावरून धार सोडायची. वर्षभर हेच.

अल्कोहोल टाकलं का लगेच पाणी लागते. उशीर झाला तर जांभळा रंग पार निघून जाते, मंग जांभळे राहायचे ते जंतूही शेवटच्या लाल रंगानं गुलाबी दिसतात. एक दिवस ती पोरगी गप्पा करत राहिली. मी म्हटलं, "पाणी टाक ना वं." तिनं ऐकलंच नाही. बाटली माझ्यापासून हातभर दूर. मी नुसती पाहत राहिली.

मॅडमनी मायक्रोस्कोपमध्ये पाहिलं. "सारे गुलाबी. तुमच्या लोकांले सीट भेटते सवलतीत, हात नाही भेटत." पोरी हसल्या. माझे कान तापले.

घरी आईले सांगितलं. ती भाकर टाकून राहिली होती. म्हणाली, रामाकोना गावच्या विहिरीवर तिच्या आईलेही असंच वरून पाणी भेटे. ओंजळ धरून उभं राहायचं. कोणी टाकलं तर प्यायचं. मंग तिनं माझ्याकडं पाहिलं.

"तू काहून ओंजळ धरली?"

भाकर जळली.

परीक्षेले बाहेरचे सर आले. मॅडम त्यांच्या बाजूले. अल्कोहोल टाकलं. ती पोरगी बाटलीकडं सरकली. तिच्या आधी मी उचलली.

"ए," मॅडम म्हणाल्या.

"पाणी मीच टाकीन, मॅडम."

आवाज फाटला माझा. पण धार सोडली. शेवटचा लाल रंग दिला, तोही मीच धुतला. सरांनी मायक्रोस्कोपमध्ये पाहिलं अन् पुढच्या पोरीकडं गेले. त्यांच्या आधी मी पाहून घेतलं होतं. जंतू जांभळे होते.

रिझल्ट लागायचा आहे. अजून भेव वाटते, रात्री झोप येत नाही. मॅडम नापास करतीलही. केलं तर परत बसीन. बाटली मीच उचलीन.