शेतावर राबायचं कोण?

जव्हारच्या एसटी डेपोत पत्रकांच्या गठ्ठ्याची दोरी सोडली, ओल्या शाईचा वास आला आणि कॉलेजात असतानाचं ते नेतृत्व शिबिर आठवलं. सर दोन अमेरिकन माणसांची चरित्रं सांगत होते. एक नेतृत्वावर ग्रंथ लिहिणारा विद्वान, दुसरा सत्ता सोडून शेतावर परतलेला जुना राज्यकर्ता. आमच्या वांगणी गावच्या रस्त्यासाठी भांडणारा सोनूदादाही शिबिराला आला होता, तो मधेच उठला.

“सर, त्याच्या शेतावर राबायचं कोण?”

“गुलाम.”

“मंग त्याला सत्ता सोडायला काय जातंय? मी वीटभट्टीवर मजुरीला गेलो तर मोर्चा कोण काढील?”

सगळे हसले. दिवाळीनंतर मजूर न्यायला वीटभट्टीचा ट्रक आला, सोनूदादा बायकोपोरांसकट चढला. मोर्चा निघालाच नाही. त्या दिवशी मला भयंकर संताप आला होता.

आज त्याच, अजून न झालेल्या रस्त्यासाठी मी पत्रकं वाटतोय. आता संताप नाही; एसटीत चढणाऱ्या प्रत्येकाच्या हातात एकेक पत्रक देतोय.