कूलरची हिरवी वायर

नव्वदच्या आसपासची गोष्ट. जळगावच्या मे महिन्यात मी ऑफिसमध्ये सगळ्यांचा बिनपगारी वैद्य असायचो. खिशात कांदा ठेवा, डोक्याला रुमाल बांधा, तहान लागायची वाट न बघता पाणी प्या, बारा ते चार बाहेर पडू नका. मला येताना पाहून लोक आधीच खिशातला कांदा काढून दाखवायचे.

घरी मात्र मीच एक उद्योग करून ठेवला होता. वाळ्याच्या ताट्यांचा पत्र्याचा कूलर आणला, तर त्याच्या प्लगला तीन पिना आणि आमच्या भिंतीत भोकं दोनच. मी दोन पिनांचा प्लग लावला आणि उरलेली हिरवी वायर चिकटपट्टीत गुंडाळून टाकली. जास्तीची असेल, असं वाटलं.

कूलर खिडकीबाहेर ओट्यावर होता. त्याला हात लागला की मुंग्या यायच्या. त्यावरही माझा नियम तयार होता: पाणी भरताना चप्पल घालायची. माय घरात आणि ओट्यावर कधीच चप्पल घालत नसे. म्हणून ती जेवायचा लाकडी पाट पायाखाली घेऊन कळशी ओतायची. मुंग्या का येतात, हे शोधायचं कुणाच्याच डोक्यात आलं नाही. वैद्याच्या तर नाहीच.

त्या रविवारी दुपारी मी कूलरसमोर काकडी खात बसलो होतो. बाहेर माय पाणी ओतत होती. जरा वेळाने पाण्याची धार एकाच जागी, फरशीवर पडल्यासारखी वाटू लागली.

“माय, पाणी सांडी राहिनं ना!” मी बसल्या जागेवरून ओरडलो.

धार तशीच पडत राहिली. खिडकीतून वाकून पाहिलं. तिरपी कळशी कूलरला टेकलेली, मायचा हात कळशीला चिकटलेला, पाय ओल्या फरशीवर. तोंड उघडं होतं, आवाज नव्हता.

मी धावत ओट्यावर गेलो आणि तिला ओढायला हात पुढे केला.

“हात लावू नका!” स्वयंपाकघरातून बायको किंचाळली. “मेन बंद करा!”

मेन स्विच दाराच्या वर होता, दहा वर्षं तिथेच होता. मला तो आठवेना. मी हात तसाच पुढे धरून उभा राहिलो. शेवटी बायकोनेच धावत येऊन तो खाली ओढला. कळशी घणघणत पडली आणि माय माझ्या अंगावर कोसळली. श्वास चालू होता. तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेईपर्यंत मी तो श्वासच मोजत होतो.

डॉक्टरांनी छाती तपासली, भाजलेल्या बोटांना मलम लावलं, धोका टळला म्हणाले. संध्याकाळी वायरमन आला. “हिरवी वायर कोणी काढली? अर्थिंग शे ना ती!”

बायकोने नुसतं माझ्याकडे पाहिलं.

खाटेवरून माय चूक स्वतःकडे घेत त्याला म्हणाली, “पाट सापडना नही, भाऊ. मनीच चूक शे.”

तेव्हा मला सांगावंच लागलं. वायर मी काढली होती. आणि पाट माझ्याच बुडाखाली होता.

“सगळास्ले कांदा वाटस,” माय म्हणाली, “आनि मना पाट तूच बुडखाले लई बठस!” आणि हसली.

अर्थिंग झालं. प्लग काढल्याशिवाय कूलरजवळ कुणी जायचं नाही, असं ठरलं. तरी माय पाणी ओतू लागली की माझा घास हातातच राहायचा. धार टाकीतच पडते आहे ना, ते ऐकत बसायचो.